तीन बिऱ्हाडं, एक फायबर: आयपी पत्त्यांच्या घोळाच्या प्रकल्प नोंदी, गुहागर

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

जागा: गुहागर, समुद्राकडची वाडी. सामाईक चिरेबंदी घर, त्यात तीन बिऱ्हाडं. मागे माडांत पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. फायबरची जोडणी एकच, पैसे तिघांत वाटून. गणपती २७ तारखेला. त्याआधी चाकरमानी उतरले की फोनांची संख्या एकदम तिपटीवर जाणार, म्हणून त्याच्या आत हे काम संपवायचं.

तक्रारी, जशा कानावर आल्या तशा:

थोरल्या बिऱ्हाडातल्या काकू: "लाईट जाऊन आली की आमचं नेट अर्धंच येतं. यूट्यूब चालतं, बँकेचं ॲप नुसतं फिरत बसतं."

धाकटं बिऱ्हाड: केबलवाल्याने ओएनटी (फायबर घरात येऊन जोडली जाते तो डबा) बदलून दिल्यापासून स्वतःच्या राउटरवर नेट नाही. तात्पुरतं ओटीवरचं वाय-फाय धरलंय.

पाहुण्यांच्या खोल्या: फोनवर 'आयपी पत्ता मिळवत आहे' दिसतं आणि तिथेच लटकतं.

कॅमेरे: मध्येच चित्र जातं, तास-दोन तासांनी आपोआप येतं.

सगळे मिळून याला 'नेट स्लो आहे' म्हणतात. स्पीड टेस्ट मात्र ओटीवर व्यवस्थित येते. म्हणजे फायबरला हात लावायची गरज नाही.

आज फक्त वायरिंगचा नकाशा काढला. ओटीवर ओएनटी: पत्ता १९२.१६८.१.१, डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) चालू, वाटपाची हद्द २ ते २५४, दिलेल्या पत्त्याची मुदत २४ तास. तिथून माजघरात आठ पोर्टांचा स्विच. स्विचला चार वायरी: मधल्या बिऱ्हाडाचा जुना राउटर, धाकट्यांचा राउटर, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि मागच्या पडवीतला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वाय-फाय पसरवणारा डबा (जुनाच राउटर, त्यात ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर घातलेलं). थोरल्यांचा स्वतःचा डबा नाही. ते ओएनटीच्याच वाय-फायवर. स्विच आणि एनव्हीआर इन्व्हर्टरच्या लाइनवर, बाकी सगळं थेट मेनवर. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार असं दिसतंय.

३ ऑगस्ट, रविवार

पहिला प्रश्न: पत्ते वाटतंय कोण? हे कळल्याशिवाय एकही सेटिंग बदलायची नाही.

विंडोजचा लॅपटॉप वायरीने स्विचला लावून 'आयपीकॉन्फिग /ऑल' (यंत्राचे पत्ते दाखवणारी आज्ञा). त्यात 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ पाहायची. ती म्हणते १९२.१६८.१.१. ठीक. मग '/रिलीज', '/रिन्यू' करून (पत्ता सोडून नव्याने मागून) पुन्हा. या वेळी पत्ता १९२.१६८.०.१०३ आणि सर्व्हर १९२.१६८.०.१. घरात वाटणारे दोघे आहेत.

एकदाच पाहून समाधान मानलं तर हा दोष हमखास निसटतो, कारण लॅपटॉप पहिली ऑफर धरतो आणि दुसरी सोडून देतो. दोन्ही एकत्र पाहायच्या तर वायरशार्क या पाकिटं पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डीएचसीपी' हा फिल्टर लावायचा (३.० च्या आधीच्या आवृत्तीत तोच 'बूटपी' नावाने आहे). एका डिस्कव्हरला (पत्त्यासाठी मारलेली हाक) दोन ऑफर आलेल्या स्वच्छ दिसल्या. ऑफरमधल्या पर्याय ५४ मध्ये सर्व्हरचा पत्ता असतो, ३ मध्ये गेटवे (बाहेर जायचं दार), ५१ मध्ये मुदत. एनमॅपची 'ब्रॉडकास्ट-डीएचसीपी-डिस्कव्हर' ही स्क्रिप्टही हेच काम करते.

१९२.१६८.०.१ म्हणजे कुठला डबा? 'एआरपी -ए' (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा ते दाखवणारी आज्ञा) मधून त्याचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा नंबर) घेतला आणि डब्यांच्या बुडाची लेबलं वाचत गेलो. मधल्या बिऱ्हाडाच्या राउटरचं लेबल दमट हवेने पुसट झालंय, पण शेवटचे चार आकडे जुळतात. खात्रीसाठी स्विचमधून त्याची वायर काढली: दुसरी ऑफर बंद.

कारण साधं आहे. स्विचकडून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरच्या नेटसाठीचं भोक) लॅन पोर्टमध्ये (घरातल्या यंत्रांसाठीचं) आहे आणि डीएचसीपी चालूच आहे. तो पत्ता देतो, गेटवे म्हणून स्वतःचं नाव सांगतो, पण त्याच्या वॅन पोर्टला काहीच जोडलेलं नाही. त्याच्याकडून पत्ता घेणाऱ्याचा रस्ता तिथेच संपतो.

मग रोज का बिघडत नाही? चालू स्थितीत फोन मुदतीच्या निम्म्यावर, म्हणजे १२ तासांनी, ज्याने पत्ता दिला त्यालाच थेट विचारून मुदत वाढवतो. दुसऱ्याचा संबंध येत नाही. लाईट जाऊन आली की चित्र बदलतं. हा जुना राउटर ४० सेकंदांत उभा राहतो. ओएनटीला फायबरवर नोंदणी होऊन तयार व्हायला दोन मिनिटांच्या वर लागतात. मधल्या वेळात उत्तर द्यायला हा एकटाच. त्यातून एखादं यंत्र आपला जुना १९२.१६८.१ चा पत्ता परत मागायला आलंच, तर 'हा पत्ता या नेटवर्कचा नाही' म्हणून तो नकार, म्हणजे नॅक, पाठवतो आणि आपला पत्ता गळ्यात घालतो. इथे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको.

काकूंचं 'अर्धं नेट'ही इथेच उलगडलं. ओएनटी आयपीव्ही६ ची (पत्त्यांची नवी, लांब पद्धत; नेहमीचे चार आकड्यांचे ते आयपीव्ही४) जाहिरात स्वतंत्रपणे करतो, त्याला डीएचसीपी लागत नाही. त्यामुळे चुकीचा आयपीव्ही४ पत्ता मिळालेल्या फोनलाही आयपीव्ही६ बरोबर मिळतो. यूट्यूबसारखं जे आयपीव्ही६ वर आहे ते पळतं. जे फक्त आयपीव्ही४ वर आहे ते फिरत बसतं. 'काही चालतं, काही चालत नाही' ही तक्रार आली की आधी दोन्ही पत्ते पाहावेत.

दुरुस्ती, याच क्रमाने:

आधी ओएनटीमध्ये वाटपाची हद्द ५० ते २४९ केली. २ ते ४९ हे पत्ते हाताने द्यायच्या यंत्रांसाठी मोकळे. हद्द बदलली तरी आधी दिलेले पत्ते मुदत संपेपर्यंत फोनांकडेच राहतात, म्हणून ओएनटी आणि सगळे वाय-फाय डबे बंद करून पुन्हा चालू केले.

मग जुना राउटर. त्याची स्विचकडची वायर काढलेलीच ठेवून लॅपटॉप थेट त्याला लावला आणि लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.५० दिला (मास्क २५५.२५५.२५५.०). हाताने अशासाठी की डीएचसीपी बंद केल्यावर लॅपटॉप बिनपत्त्याचा होतो आणि अर्ध्या कामात दार बंद होतं. डीएचसीपी बंद, सेव्ह. मग त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२. इथे पान तुटतं, ते तुटणारच. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५० करून १९२.१६८.१.२ वर परत शिरलो, दोन्ही बदल टिकलेत हे पाहिलं, वायर पुन्हा लॅन पोर्टमध्ये घातली. शेवटी लॅपटॉप परत 'आपोआप पत्ता' वर.

वॅन पोर्टवर इन्सुलेशन टेप चिकटवली. 'वायर चुकीच्या भोकात आहे' म्हणून कोणीतरी ती सरळ करायला जाईल, हे ठरलेलंच. रिसेटच्या भोकावरही टेप. टाचणी दाबली की डीएचसीपी पुन्हा चालू होतो आणि पहिले पाढे पंचावन्न.

५ ऑगस्ट, मंगळवार

धाकट्यांचा राउटर. वायर वॅन पोर्टमध्ये, बरोबर जागी. वॅनला ओएनटीकडून १९२.१६८.१.६१ मिळतोय. पण राउटरचा स्वतःचा लॅन पत्ताही १९२.१६८.१.१. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क, आणि बाहेरच्या गेटवेचा पत्ता तोच त्याचा स्वतःचा. बाहेर जायचं पाकीट तो कुठे पाठवणार? जुन्या ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१००.१ होता, म्हणून तेव्हा हे चालत होतं.

लॅन पत्ता १९२.१६८.२०.१ केला. लगेच चालू.

इथेही डीएचसीपी बंद करून सगळ्यांना एकाच नेटवर्कात आणता आलं असतं. केलं नाही. धाकट्यांकडे घरून ऑफिसचं काम चालतं आणि त्यांना आपला लॅपटॉप बाकीच्यांपासून वेगळा हवाय. यात नॅट (आतले पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे झाकणं) दोनदा होतं, त्याचा ब्राउझिंगला किंवा व्हिडिओ कॉलला त्रास नाही. मधल्या बिऱ्हाडाचा प्रिंटर त्यांच्या लॅपटॉपला आपणहून सापडणार नाही. पत्ता हाताने घातला की छापता येतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कॅमेरे. एनव्हीआरचा पत्ता १९२.१६८.१.१०८, कारखान्यातून आला तसाच, हाताने दिलेला. १०८ वाटपाच्या हद्दीत येतो, आजही. एनव्हीआर तिथे बसलाय हे ओएनटीला ठाऊक नाही, कारण त्याने तो पत्ता मागितलेलाच नाही. बरेच सर्व्हर पत्ता देण्याआधी पिंग करून (तिथे कोणी आहे का अशी हाक मारून) बघतात. हा बघत नसावा, किंवा एनव्हीआर पिंगला उत्तर देत नसेल.

तपासणी: एनव्हीआरची वायर काढली आणि लॅपटॉपवरून १०८ ला पिंग केलं. उत्तर येतंय! म्हणजे दुसरं कोणीतरी तिथे आहे. 'एआरपी -ए' मध्ये १०८ समोर जो मॅक दिसला त्याचा दुसरा आकडा 'ई'. दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक बहुतेक वेळा फोनने स्वतः बनवलेला असतो. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वाय-फायला असा वेगळा मॅक दाखवतात. फोन घरी असेल तोवर कॅमेरे डळमळतात, बाहेर गेला की सुधारतात. 'आपोआप येतं' ते असं.

एनव्हीआरला १९२.१६८.१.१० दिला, चार कॅमेऱ्यांना ११ ते १४. कॅमेऱ्यांचे पत्ते बदलल्यावर एनव्हीआरच्या यादीतही एकेक बदलावा लागतो, नाहीतर चित्र काळं. गेटवे आणि डीएनएस म्हणून १९२.१६८.१.१ भरायला विसरू नये. ते रिकामं राहिलं तर घरात दिसतं, मुंबईतून दिसत नाही.

मोबाइलवरून पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट घरातल्या यंत्रापर्यंत वाट) करून द्या, अशी मागणी होती. ओएनटीचा बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होतो. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ ही पट्टी कंपनीच्या सामाईक नॅटची. इथे पोर्ट उघडून उपयोग शून्य. कॅमेऱ्याचं ॲप क्लाउडमार्गे चालतं, तेच वापरावं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पाहुण्यांच्या खोल्या. यात वेळ जाणार हे माहीत होतं.

वाटपाची हद्द भरली असावी असा पहिला संशय. पण यादीत मोकळे पत्ते पडून आहेत. मग पडवीतल्या ॲक्सेस पॉइंटमध्ये शिरून 'टीसीपीडंप' (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारी आज्ञा), इंटरफेस 'बीआर-लॅन', डीएचसीपीचे पोर्ट ६७ आणि ६८. हे त्याच डब्यावर करावं लागतं. लॅपटॉप स्विचला लावून बसलं तर दुसऱ्या पोर्टकडे जाणारी थेट उत्तरं स्विच आपल्याला दाखवत नाही.

खोलीत फोन जोडला. नोंद अशी: डिस्कव्हर, ऑफर, डिस्कव्हर, ऑफर, डिस्कव्हर, ऑफर. रिक्वेस्ट, म्हणजे फोनने ऑफर स्वीकारणं, नाहीच.

यावरून निदान होतं. नुसतेच डिस्कव्हर, ऑफर नाही: सर्व्हर बंद, वायर तुटलेली किंवा पत्ते संपलेले. डिस्कव्हर-ऑफरची जोडी पुन्हा पुन्हा: उत्तर निघतंय, फोनपर्यंत पोचत नाही. रिक्वेस्टनंतर नॅक: दुसरा सर्व्हर नाक खुपसतोय. चारही पावलं (डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक) पूर्ण आणि मग डिक्लाइन: तो पत्ता कोणीतरी आधीच वापरतंय, फोनने शेजारी विचारून पाहिलं आणि परत केला.

इथे दुसरा प्रकार. खोलीत सिग्नल उणे ८२ डीबीएम (शून्यापासून जितका लांब तितका कमजोर). मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती, आणि पावसाने ओला झालेला चिरा सिग्नल आणखी खातो. फोनला पट्ट्या दिसतात कारण बीकन (वाय-फायने स्वतःच्या नावाची दिलेली हाक) अगदी कमी वेगाने पाठवलेला असतो, तो कसाबसा पोचतो. ऑफर ब्रॉडकास्टने गेली तर वाय-फायवर तिची पोच मागितली जात नाही आणि ती पुन्हाही पाठवली जात नाही. हरवली की हरवली. म्हणून 'जोडलंय पण पत्ता नाही'.

पॉवर वाढवणं हा उपाय नाही. डबा ओरडेल, पण फोनचा आवाज तेवढाच राहील. ॲक्सेस पॉइंट खोल्यांत न्यायचा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

वाडीतून खोल्यांपर्यंत एक जुनी वायर पुरलेली सापडली. टेस्टर लावला: ७ नंबरची तार गायब. टोक कापून पाहिलं तर पिना हिरव्या. खाऱ्या हवेत उघडा राहिलेला आरजे४५ (वायरीच्या टोकाचा प्लग) असाच जातो. १, २, ३, ६ या चार तारा धड असतील तर १०० एमबीपीएसवर लिंक येते, पण पिना हिरव्या असल्या की ती सारखी पडते-उठते. प्रत्येक पडण्यानंतर त्या वायरीला लावलेलं यंत्र पत्त्यासाठी पुन्हा रांगेत.

तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. पुन्हा टोक मारण्यात अर्थ नाही.

नवीन घातलं: बाहेर वापरायची, पूर्ण तांब्याची कॅट६, ३५ मीटर, २५ मिमी पीव्हीसी पाइपातून. मध्ये जोड नाही. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिला म्हणजे पाणी तिथूनच टपकतं, आत येत नाही. दोन्ही टोकं घरात, ५६८बी रंगक्रमाने. आता खोलीत उणे ५१ डीबीएम आणि डिस्कव्हर ते ॲक एका सेकंदाच्या आत.

ॲक्सेस पॉइंटला १९२.१६८.१.३, डीएचसीपी बंदच. चॅनेल ११, ओटीवर १, मधल्यांकडे ६.

१९ ऑगस्ट, मंगळवार

लाईट जाण्याची तालीम. मेन स्विच पाडला, पाच मिनिटांनी वर केला, घरभर फिरून पत्ते पाहिले.

फोन, टीव्ही, कॅमेरे ठीक. मधल्यांच्या प्रिंटरला मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. ओएनटी तयार होण्याआधी प्रिंटर उठला, कोणी उत्तर देईना म्हणून स्वतःच पत्ता घेऊन बसला. विंडोज अशा वेळी दर पाच मिनिटांनी सर्व्हरला पुन्हा हाक मारतं. हा प्रिंटर मारत नाही. त्याला हाताने १९२.१६८.१.२० दिला.

मुळावर उपाय म्हणून ओएनटीला छोटा डीसी यूपीएस लावला. घेण्याआधी ओएनटीच्या पाटीवर व्होल्ट आणि अँपिअर वाचायचे: इथे १२ व्होल्ट, १ अँपिअर, मधली पिन धन. काही डब्यांना ९ व्होल्ट लागतात, तिथे १२ चा लावला तर डबा जळू शकतो. ओएनटी प्रत्यक्षात ७ वॅटच्या आसपास खातो; ७.४ व्होल्ट, ४४०० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. तूट धरून साडेतीन तास मिळावेत.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीची तयारी. हद्दीत २०० पत्ते आहेत, ते पुरतात. मुदत २४ तासांवरून ४ तास केली, म्हणजे भेटायला आलेल्यांचे पत्ते त्याच दिवशी मोकळे होतील. दहा मिनिटांची मुदत ठेवा असा सल्ला फिरतो, तो इथे नको. ओएनटी जरा जास्त वेळ बंद राहिला तर इन्व्हर्टरवर चालू असलेली यंत्रंही पत्ता सोडून देतील.

पत्ते पुरले तरी रेडिओ पुरेल असं नाही. ओएनटीच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर एका वेळी ३२ उपकरणांची मर्यादा आहे, ती सेटिंगच्या पानावर दिसते. तेहेतिसावा फोन जोडलाच जात नाही, पत्त्यापर्यंत गोष्ट येतच नाही. म्हणून तिन्ही डब्यांवर एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवला. फोन जवळचा डबा धरतील आणि गर्दी वाटली जाईल.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल आरतीच्या वेळी यादीत ६१ पत्ते. तक्रार नाही.

आज सकाळी एआरपीच्या यादीत एकाच मॅकसमोर चार आयपी. झटापट वाटली, पण नाही. माडीवर कोणीतरी मुंबईहून आणलेला रिपीटर लावलाय. बरेच रिपीटर मागच्या फोनांच्या वतीने स्वतःचाच मॅक पुढे करतात. एक मॅक, अनेक आयपी: रिपीटर. एक आयपी, दोन मॅक: भांडण. रिपीटरचा डीएचसीपी बंद असल्याची खात्री करून राहू दिला.

दुपारी लाईट गेली, पाऊण तासाने आली. ओएनटी चालूच होता.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी-विसर्जन झालं, निम्मी मंडळी परतली. मुदत पुन्हा २४ तास.

ओटीवर मीटरच्या फळीशेजारी पत्त्यांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून लावला: १ ओएनटी, २ मधल्यांचा राउटर, ३ खोल्यांतला ॲक्सेस पॉइंट, १० एनव्हीआर, ११ ते १४ कॅमेरे, २० प्रिंटर. त्याखाली: 'नवा डबा आणलात तर डीएचसीपी बंद करूनच स्विचला लावा. ४ ते ९, १५ ते १९ आणि २१ ते ४९ मोकळे आहेत, घेतलेला नंबर इथे लिहा.'

बाकी: ऑक्टोबरातल्या विजांच्या आत खोल्यांकडची तांब्याची वायर काढून त्याच पाइपातून फायबर न्यायचं. लागेल ते सामान: टोकं मारलेली सिंगल मोड फायबर ४० मीटर (दोन्हीकडे थोडी गुंडाळून ठेवायला), गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची जोडी, दोन्हीकडे ५ व्होल्टचे अडॅप्टर. कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने घ्यावे लागतात. दोन्ही ए आले तर लिंकचा दिवा लागत नाही.